टाचेमागची पिशवी

उर्दू माध्यमाच्या शाळेत बी.एड. होऊन लागलेल्या शिक्षकाला काय काय करावं लागतं, याची पूर्ण यादी अजून कुणी केलेली नाही. आमची नेमणूक विज्ञानासाठी झाली. पुढं मतदार याद्या आल्या, खिचडीच्या तांदळाचा हिशेब आला, शिष्यवृत्तीचे अर्ज आले आणि त्यांच्या मागोमाग एके वर्षी पी.टी.चा तासही आला. शाळेत क्रीडाशिक्षक नाही. बी.पी.एड. झालेला माणूस मिळेपर्यंत तुम्हीच बघा, असं हेडमास्तरसाहेब म्हणाले. माणूस अजून मिळायचा आहे. (वाचकांनी या ‘आम्ही’ला हसू नये. दिवसभर वर्गात ‘हम’ म्हणणाऱ्या माणसाच्या लेखणीतून ‘मी’ सहजासहजी उतरत नाही.)

आमच्या शाळेतल्या मुली मैदानावर धावतात हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. वाटायचं कारण नाही. नळाला पाणी आलं की, धाकट्या भावाला अंगणवाडीत सोडायचं असलं की, पहिली घंटा झाली की त्या रोज धावतातच. आम्ही फक्त चुन्याच्या रेघा आखून दिल्या. धावणाऱ्या पोरांच्या मागं उभं राहता राहता एक गोष्ट आम्हांला शिकावी लागली. ती बी.एड.च्या कुठल्याच पेपरात नव्हती. माणसाच्या पायाकडे मागून कसं पाहायचं, ही ती गोष्ट.

२०२३ साली नववीत एक मुलगी होती. पंधराशे मीटर धावायची. शर्यत संपल्यावर बाकीच्या मुली कमरेवर हात ठेवून वाकायच्या आणि ही दप्तर उचलून चालू लागायची, इतका दम. वडील एस.टी. स्टँडजवळ हातगाडीवर केळी विकतात. थोरलीची शाळा दहावीनंतर थांबली आणि दीड वर्षात तिचं लग्न झालं. हिच्याबाबतीत घरात एक न लिहिलेला करार होता. दहावीपर्यंत धाव, पुढचं पुढं पाहू. शालेय स्पर्धांमध्ये तालुक्याहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून पुढं गेलं तर दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा असतात, हे आम्ही तिच्या अब्बांना एकदा समजावून सांगितलं होतं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं होतं, एवढंच.

जुलैत तिची धाव बदलली. पहिल्या फेरीला ती उजवा पाय चुकवत पळायची, दुसऱ्या फेरीपासून पाय मोकळा व्हायचा आणि थांबून पाच मिनिटं बसली की उठताना पुन्हा लंगडायची. विचारलं तर म्हणाली, “कुछ नई आपा, जूता चुबता.” हे अर्धं खरं होतं. मुंबईच्या मामूंनी तिला नवे बूट आणले होते, पांढरे, मागून उंच आणि कडक. एक नंबर लहान पडले. मामूंनी इतक्या लांबून आणलेली वस्तू लहान पडते असं आमच्या घरांतून सांगितलं जात नाही. पोरीनं त्यावर आपला उपाय काढला होता. उजव्या बुटाची मागची भिंत आत चेपून ती बूट चपलेसारखा घालत होती. डावा बूट मात्र नीट होता.

दुखणं लपवणं ही खेळाडूंची जुनी खोड आहे. मुलगा लपवतो तो संघातून काढतील म्हणून. मुलगी लपवते तिला वेगळी भीती असते. आज टाच दुखते म्हणाली तर उद्या घरात कुणी म्हणेल, चला, बरं झालं, संपलं हे पळणं. म्हणून दुखतं का हा प्रश्न आम्ही अशा मुलींना फारसा विचारत नाही. बूट बघतो. चेपलेली मागची भिंत बोलते.

त्या दिवशी तिला विज्ञानाच्या खोलीत नेलं, अनवाणी केलं, भिंतीकडं तोंड करून उभं केलं आणि मागून पाहिलं. टाचेच्या वर जी जाड शीर उभी जाते तिच्या दोन्ही अंगांना निरोगी पायात दोन खोलगट खळगे दिसतात. अंगठा टेकेल एवढे. डाव्या पायाला ते होते. उजव्या पायाला खळगे भरून आले होते, जणू कुणी आतून कापूस भरला होता. वरची कातडी थोडी लाल होती, हाताला कोमट लागत होती. चवड्यावर उभी राहा म्हटलं तर चेहरा आवळला. टाच जमिनीला टेकवून उकिडवी बस म्हटलं तर बसलीच नाही.

इथं थोडं शरीरशास्त्र सांगावं लागेल. पोटरीचे स्नायू खाली येतात आणि एका जाड दोरीत एकवटून टाचेच्या हाडाला मागून चिकटतात. शरीरातली सर्वांत जाड आणि बळकट अशी ही दोरी. डॉक्टर तिला अकिलीज टेंडन म्हणतात, मराठी पुस्तकात स्नायुरज्जू येतो आणि आम्ही वर्गात ‘वतर’ शिकवतो. वतर म्हणजे धनुष्याची दोरीसुद्धा. ही दोरी हाडाला जिथं चिकटते त्याच्या किंचित वर, दोरी आणि हाड यांच्या मधे एक चपटी पिशवी असते. तिच्यात थोडासा बुळबुळीत द्रव असतो. पाऊल वर-खाली होताना दोरी हाडावर घासू नये म्हणून ती केलेली सोय आहे. मिरजेच्या सतारमेकरांच्या दुकानात ज्यांनी घोडीवरून जाणारी तार पाहिली असेल त्यांना हे लगेच कळेल. तार रोज एकाच जागी दाबली गेली की घोडीवर खाच पडते. शरीरानं त्या जागी गादी ठेवली आहे. तिलाच बर्सा म्हणतात, आणि ती सुजली की बर्सायटिस. अशीच दुसरी एक पिशवी दोरी आणि कातडी यांच्या मधे असते. बुटाच्या घासण्यानं सुजते ती बहुधा बाहेरची. तिचा मऊ, लालसर फुगा कातडीखाली लगेच दिसतो. आतली सुजली तर फुगा दिसत नाही, खळगे भरतात. हिच्या दोन्ही सुजल्या होत्या असं पुढं निघालं.

सुजण्याची कारणं साधी असतात आणि पुष्कळदा दोन-तीन एकत्र येतात. घट्ट किंवा मागून कडक बूट हे पहिलं. एकदम वाढवलेला सराव हे दुसरं. चढावर धावणं हे तिसरं. चढावर पाऊल नडगीकडं जास्त वाकतं आणि प्रत्येक पावलाला ती दोरी पिशवीला हाडावर दाबते. पोटरी आखडलेली असली की हा दाब आणखी वाढतो. काहींच्या टाचेच्या हाडाला मागं वरच्या बाजूला जन्मजात उंचवटा असतो. हाग्लुंड नावाच्या स्वीडिश शल्यचिकित्सकानं त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्यांचं नाव आहे. उंच टाचांच्या कडक बुटांनी तो जास्त त्रास देतो. आमच्या मुलीला उंचवटा नव्हता, पण बाकी सगळं होतं. पावसानं मैदानाचा चिखल झाला तेव्हा तिनं आपणच दर्ग्याच्या टेकडीचा चढ धरला होता. मोबाईलवर कुठल्या तरी धावपटूचा सराव पाहिला होता तिनं. रोज पहाटे, भाऊ मोटरसायकलवर पुढं आणि ही मागं. कुणालाही न सांगता.

घरी कळलं तेव्हा घरगुती दवाखाना उघडला. दादींनी बिब्बा काढला. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की फोड येतात आणि सुजलेल्या जागेवर फोड म्हणजे जंतूंना दार उघडं. ते आम्ही हात जोडून थांबवलं. दादी रागावल्या, पण बिब्बा डब्यात परत गेला. गल्लीतल्या एका मालीशवाल्यानं मात्र त्याआधीच दोन दिवस गरम तेलानं ती जागा रगडली होती आणि सूज दुप्पट करून ठेवली होती. सुजलेली पिशवी म्हणजे आखडलेली नस नव्हे. ती दाबानंच सुजली आहे, तिला अंगठ्यानं आणखी दाबून काय होणार?

अब्बांचं म्हणणं वेगळंच होतं. “एड़ी तो मेरी भी दुखती, आपा. मैं गाड़ी बंद करता क्या?” त्यांना विचारलं, कुठं दुखतं? त्यांनी पाय उचलून तळवा दाखवला. टाचेच्या खाली, थोडं आतल्या बाजूला. सकाळी बिछान्यातून उठून टाकलेलं पहिलं पाऊल काट्यावर पडल्यासारखं, मग चालत गेलं की कमी. हे दुखणं निराळं. तळव्याखाली एक जाड पापुद्रा टाचेपासून बोटांपर्यंत ताणलेला असतो, त्याचं ते दुखणं, आणि दिवसभर सिमेंटवर उभं राहणाऱ्यांना ते पुष्कळ होतं. एकाच घरात दोन टाचा दुखत होत्या, बापाची खालून आणि लेकीची मागून. दोघं एकाच डबीतलं मलम लावत होते. टाच दुखते हे वाक्य किती अपुरं आहे ते आम्हांला त्या ओट्यावर बसून कळलं. बोट ठेवून दाखव, असं म्हटल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही.

तालुक्याच्या स्पर्धेला तेव्हा तीन आठवडे होते. गावातल्या एका डॉक्टरांनी पाय न चाचपताच सांगितलं, स्टेरॉईडचं एक इंजेक्शन मारू, आठ दिवसांत पळेल. अब्बांना ते पटलं. एक सुई, एक फी, काम संपलं. आणि खरं सांगायचं तर मुलीला ते सर्वांत जास्त पटलं. आम्ही नको म्हणालो तेव्हा ती पहिल्यांदाच आमच्याशी वाद घालायला उभी राहिली. “आपा, इस साल नई दौड़ी तो अगले साल कौन दौड़ने देता?”

या प्रश्नाला पुस्तकात उत्तर नाही. तिचा हिशेब चुकीचा नव्हता. आमच्या वस्तीत मुलीचं एक वर्ष म्हणजे नुसते बारा महिने नसतात.

स्टेरॉईडचं इंजेक्शन सरसकट वाईट असतं असं नाही. गुडघ्याला, खांद्याला ते विचारपूर्वक दिलं जातं. पण टाचेमागं ती पिशवी आणि ती दोरी इतकी खेटून असतात की औषध दोरीत किंवा तिच्या भोवती उतरलं तर दोरी कमजोर होऊन तुटायचा धोका राहतो. म्हणून पुष्कळ तज्ज्ञ इथं ते टाळतात. द्यायचीच वेळ आली तर सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई बघत नेमकं पिशवीत देतात आणि पुढं काही आठवडे धावायला बंदी घालतात. सुई देऊन आठवड्यात शर्यतीला उभं करणं म्हणजे दुखणं बंद करून धोका चालू ठेवणं. दुखत नाही म्हणून पोरगी जोरात पळणार, आणि दोरी तुटली तर मागून कुणी लाथ मारल्यासारखा आवाज येतो. मग महिन्यांची गोष्ट होते, कधी ऑपरेशनची.

तिला आम्ही दोन धावपटूंबद्दल सांगितलं. पहिल्या पी. टी. उषा. १९८४ साली लॉस एंजेलिसला त्यांचं पदक सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं हे सगळ्यांना पाठ आहे. १९८८ साली सोलला त्या टाचेच्या दुखापतीसह उतरल्या होत्या, हे फार थोड्यांना आठवतं. दुसरा चीनचा लिऊ शियांग. २००४ साली अथेन्सला ११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सोनं जिंकलेला. २००८ साली बीजिंगला, स्वतःच्या देशात, भरलेल्या स्टेडियमसमोर तो पहिल्याच फेरीला उभा राहिला आणि न धावता लंगडत आत निघून गेला. दुखणं टाचेच्या दोरीचं होतं. त्याच वर्षी त्याचं ऑपरेशन झालं. २०१२ साली लंडनला पहिल्याच अडथळ्यावर तो पडला, दोरी तुटली, आणि एका पायावर उड्या मारत तो शेवटच्या रेघेपर्यंत गेला. मुलगी ऐकत राहिली. मग म्हणाली, त्याला घरातून कुणी विचारलं नसेल ना, पुढच्या वर्षी धावू देऊ की नको ते. आम्ही गप्प बसलो.

अखेर अब्बांनी एक दिवस गाडी बंद ठेवली आणि आम्ही तिघं मिरजेला गेलो. त्या वर्षीच्या मार्चपासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं होतं, त्यामुळं आम्हां दोघींचं मिळून एकच भाडं पडलं. अब्बांना या गोष्टीचं इतकं कौतुक की वाटेत दोनदा बोलून दाखवलं.

हाडांच्या डॉक्टरांनी अर्धा तास दिला. पाय कसा तपासावा हे त्या अर्ध्या तासात आम्ही जितकं शिकलो तितकं वर्षभरातही शिकलो नसतो. त्यांनी मुलीला पालथं झोपवून पाय टेबलाबाहेर सोडायला लावले. पोटरी हातात धरून दाबली. पाऊल आपोआप खाली हललं, म्हणजे दोरी शाबूत. मग दोरीवरून बोटं फिरवत खाली आले. हाडापासून दोन ते सहा सेंटिमीटर वर दोरीच जाड होऊन दुखली असती तर ते दोरीचं दुखणं. तिथं दुखलं नाही. मग टाचेचं हाड दोन्ही बाजूंनी तळव्यांत धरून आवळलं. वाढत्या वयात, साधारण आठ ते चौदा-पंधरा वर्षांत, टाचेच्या हाडाचा वाढीचा भाग दुखतो, तेव्हा मूल इथं कळवळतं. तीही नाही कळवळली. शेवटी त्यांनी अंगठा आणि तर्जनी दोरीच्या पुढं, त्या भरलेल्या दोन खळग्यांत ठेवून चिमटीत हलकंच दाबलं. मुलगी टेबलावरून अर्धी उठली. “हीच ती पिशवी,” डॉक्टर म्हणाले.

पुढं त्यांनी काही प्रश्न विचारले. ते आम्हांला आधी अनावश्यक वाटले आणि नंतर सर्वांत महत्त्वाचे. दोन्ही टाचा दुखतात का? सकाळी कंबर आखडते का? दुसरा कुठला सांधा सुजतो का? अंगावर चट्टे, डोळे लाल होणं? घरात कुणाला सांध्यांचा आजार? काही प्रकारच्या संधिवाताचं पहिलं दार टाच असते, मोठ्या माणसांत गाऊटचंही. न धावणाऱ्याची टाच अशी सुजली किंवा दोन्ही एकदम सुजल्या तर बुटाला दोष देऊन मोकळं होता येत नाही. ताप आणि लालभडक गरम सूज असेल तर पिशवीत पू झाला असू शकतो, तिथं थांबायचंच नाही. हिचं तसं काही नव्हतं. एक्स-रे काढला, हाड ठीक होतं. एक्स-रेत हाड दिसतं, पिशवी थेट दिसत नाही. ती सोनोग्राफीत दिसते आणि तीही त्यांनी केली. दोन्ही पिशव्या फुगलेल्या, दोरी चांगली.

औषध निघालं पाच दिवसांचं, सूज आणि वेदना कमी करणारं, जेवणानंतर घ्यायचं. ते खाऊन धावायला जायचं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. बाकी सगळं बिनऔषधाचं. धावणं बंद, चढ बंद, मागून बंद असलेला बूट बंद, मागून उघडी चप्पल चालेल. टाचेखाली सेंटिमीटरभर जाडीची पट्टी. टाच उचलली की दोरी सैल पडते आणि पिशवीवरचा दाब कमी होतो. दिवसातून तीन-चार वेळा कापडात गुंडाळलेला बर्फ, पंधरा मिनिटं. इतक्यानं बहुतेकांचं भागतं. महिनोन् महिने हे सगळं करूनही गुण नाही आला तरच ऑपरेशनचा विचार, तो क्वचित. इंजेक्शनबद्दल अब्बांनीच विचारलं. डॉक्टर म्हणाले, माझी मुलगी असती तर दिलं नसतं.

मिरजेच्या स्टँडवर चहा पिताना अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत. गाडी लागल्यावर, मुलीकडं न बघता, बोलले. “अगले साल दौड़ना. पर जूता मैं लाऊंगा.” आम्ही साक्षीदार म्हणून ते लक्षात ठेवलं.

आराम या शब्दावर इथं थोडं थांबलं पाहिजे, कारण खरी अडचण तिथं आली. खेळणाऱ्या मुलाला दुखापत झाली की त्याला घरात बसवतात. मुलगी घरात बसली की ती भांडी घासते. दहा दिवसांनी पाहिलं तर धावणं पूर्ण बंद, बर्फ चालू, तरी सूज तशीच. तिच्या घरी गेलो तेव्हा ती मोरीत उकिडवी बसून कपडे धूत होती. टाच जमिनीला टेकवून उकिडवं बसलं की पाऊल नडगीकडं जितकं वाकतं तितकं चढावरही वाकत नाही. दोरी पिशवीला हाडावर दाबून धरते, आणि तीही दोन-दोन मिनिटं नव्हे, तासभर. भांडी, कपडे, फरशी, वजू, देशी संडास. दिवसाचे किती तास ती मुलगी तिच्या दुखऱ्या पिशवीवर बसून होती याचा हिशेब कुणी केला नव्हता. मैदानावरच्या पंचवीस मिनिटांचा मात्र सगळ्यांनी केला होता. खेळाच्या दुखापतीबद्दल जिथं जिथं लिहिलेलं असतं तिथं विश्रांती हा एकच शब्द असतो. मोरीचा उल्लेख नसतो.

अम्मींना हे सांगताना आम्ही बिचकत होतो, मुलीला कामातून सोडवायला आलो असं वाटायला नको म्हणून. त्यांनी निमूट ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून एक बुटकं प्लास्टिकचं स्टूल आणलं. स्टुलावर बसून, पाय पुढं सोडून तीच कामं होऊ लागली. वजूही त्यावर बसूनच. आठवड्यात खळगे दिसू लागले. अम्मींचे गुडघेही त्या स्टुलामुळं सुखावले, ते निराळं.

बर्फाची सोय मासळीवाल्यानं केली. घरात फ्रिज नव्हता. तो रोज संध्याकाळी लादीचा एक तुकडा बाजूला ठेवायचा आणि पैसे घ्यायचा नाही. टाचेच्या पट्ट्या स्टँडजवळच्या मोचीकाकांनी कापून दिल्या, दोन्ही पायांना. एकाच पायाला घातली तर एक पाय उंच होऊन कंबर दुखते, हे त्यांना डॉक्टरांच्या आधी ठाऊक होतं. मामूंच्या बुटांचं काय करायचं हा नाजूक प्रश्न होता. मोचीकाकांनी ते हातात घेतले, मागची भिंत दाबून पाहिली आणि म्हणाले, आत कडक पुठ्ठा आहे, काढतो. पण नंबर लहान तो लहानच. शेवटी ते धाकट्या बहिणीला गेले आणि मामूंना फोनवर कळवण्यात आलं की बूट फार आवडले, दोघी वापरतात.

तालुक्याची स्पर्धा त्या वर्षी तिच्याशिवाय झाली. ती आमच्यासोबत मैदानावर आली होती, मागून उघड्या चपलेत, घड्याळ धरून. पंधराशे मीटर जिला पहिलं बक्षीस मिळालं तिची वेळ हिच्या जूनमधल्या वेळेपेक्षा बरीच मागं होती. तिनं ती वेळ वहीत लिहून ठेवली. बोलली काहीच नाही.

परत धावायला लागायचं तेही घाईनं नव्हे. दुखणं शमल्यावर फिजिओथेरपिस्टनं पोटरीचे व्यायाम दिले. सपाट फरशीवर उभं राहून टाचा उचलायच्या आणि सावकाश टेकवायच्या. पायरीच्या कडेवर उभं राहून टाच खाली सोडायची नाही. दोरीच्या मधल्या भागाच्या दुखण्याला तो व्यायाम देतात, पण इथं त्यानं पिशवी चेपते. भिंतीला हात लावून पोटरी ताणायचंही पहिले काही आठवडे नको होतं. ताण चांगला हे आमच्याकडं प्रत्येकाला माहीत असतं, केव्हा वाईट हे माहीत नसतं. मग चालणं, मग दोन मिनिटं धाव आणि दोन मिनिटं चाल, एक दिवस आड, सपाट मातीवर. खिळ्यांचे बूट सर्वांत शेवटी, कारण त्यांची टाच बसकी असते आणि दोरीवर जास्त ओढ येते. मोजमाप एकच होतं, दुसऱ्या दिवशीची सकाळ. धावताना थोडं जाणवलं तर चालेल, पण सकाळी उठून टाच कालच्यापेक्षा जास्त दुखली तर कालची धाव जास्त झाली. हे मोजमाप तिला घड्याळापेक्षा लवकर जमलं. पहिल्या धावेपासून पूर्ण सरावापर्यंत सात आठवडे गेले.

२०२४ साली दहावीत ती तालुक्यात पहिली आली. जिल्ह्याला चौथी. चौथीला पदक नसतं. अब्बा केळ्यांची गाडी भाच्याकडं सोपवून आले होते आणि शर्यतीनंतर त्यांनी पहिलं काय केलं तर खाली बसून तिच्या उजव्या पायाचा मोजा उतरवला आणि खळग्यांत बोट ठेवून पाहिलं. बूट त्यांनीच आणलेले होते, संध्याकाळी जाऊन, कारण दिवसभरानं पाय थोडा फुगलेला असतो आणि तेव्हाचं माप खरं असतं. मागची भिंत मऊ. आता ती ज्युनिअर कॉलेजात आहे आणि धावते. पुढं किती दिवस, ते आम्ही सांगू शकत नाही. घरात तिच्या लग्नाची एक बोलणी येऊन गेली, अब्बांनी ती परत पाठवली, इतकं कानावर आलं आहे.

आमच्या शाळेत आता जूनचा पहिला पी.टी.चा तास बुटांचा असतो. सगळ्यांनी बूट काढून वर्गाच्या दाराशी उलटे मांडायचे, टाचा आमच्याकडं. या वर्षी बत्तीस जोड्या होत्या. अकरांची मागची भिंत चेपलेली निघाली. त्यांतल्या नऊ जणांना नुसती घाई होती, एकाचा बूट थोरल्या भावाचा होता आणि सातवीतल्या एकाला दुखत होतं. चिमटीत नाही, पण हाडाच्या दोन्ही बाजूंनी आवळलं की तो कळवळतो. त्याच्या अम्मींना निरोप पाठवला आहे. येत्या शनिवारी मिरजेला जायचं ठरलं आहे.